टिकवलेली माणसं

वैशाख लागला की माझ्या बोटांना रॉकेलचा वास यायला लागतो. खरं तर आता मी सेलूला शाळेत शिकवते, बोटांना लागतो तो फळ्यावरचा खडू. पण लग्नसराई सुरू झाली, घरोघर पत्रिका यायला लागल्या, की हळदीचं बोट लावलेली ती पत्रिका मी आधी नाकाशी धरते आणि मग वाचते. वधूवरांची नावं सगळ्यात शेवटी. आधी बघते ती शाई कुठं जास्त बसलीय, कुठला खिळा, म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर, झिजलाय, गणपतीच्या चित्राचा ठोकळा सरळ बसलाय का. हल्लीच्या बऱ्याच पत्रिका ऑफसेटवर निघतात. गुळगुळीत असतात, मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागत नाही. खिळ्यांनी छापलेली पत्रिका पाठीमागून आंधळ्यालाही कळायची.

यंदा पत्रिका पुष्कळ आल्या. पाऊस दोन वर्षं बरा झालाय. जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचंही एकदाचं झालं, सोळा वर्षं लोंबकळलेलं. त्यामुळे यंदाच्या काही पत्रिकांवर गणपतीच्या जागी बाबासाहेब आणि बुद्ध अगदी ठळक, निळ्या शाईत आलेत. मी त्या पत्रिका हातात धरून बराच वेळ बसते. आणि मग मला सात वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवतो ज्या उन्हाळ्यात आमच्या जिंतुरात लग्नंच झाली नाहीत.

अगदीच झाली नाहीत असं नाही. झाली ती दारात, पाच माणसांत, एका गुळाच्या खड्यावर. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकर आला की कळशांची रांग शाळेपर्यंत जायची. लोकांच्या घरी पाहुण्याला द्यायला पाणी नाही, तिथं वऱ्हाड कोण बोलावणार? आणि वऱ्हाड नाही तर पत्रिका नाही, नवे कपडे नाहीत. माझे बाबा शिंपी होते. त्या वर्षी त्यांचं मशीन चैत्रातच गप्प झालं. ते सकाळी उठून मशीन पुसायचे, तेल घालायचे, पायडल चार वेळा रिकामं मारायचे आणि सभेला निघून जायचे. बाबांना सभेचा नाद. कुणाचीही असो, शेतकऱ्यांची, शिक्षकांची, विडीवाल्यांची. ते मागच्या रांगेत उभे राहून शेवटपर्यंत ऐकायचे आणि येताना पत्रक घेऊन यायचे. आमच्या घरात पुस्तक एक नव्हतं. पत्रकं मात्र पोतंभर होती. मी अक्षर शिकले ती ‘बंधूंनो आणि भगिनींनो’वर. भाकरी बांधलेल्या कागदावर मी ‘जाहीर निषेध’ वाचत मोठी झाले. म्हणून बारावीनंतर बाबांनी मला एसटी स्टँडमागच्या छापखान्यात चिकटवलं, तेव्हा मला वाटलं, आपण उगमाशीच येऊन पोचलो.

पत्र्याचं छप्पर. दाराला ओलं गोणपाट लावायची पद्धत होती, पण त्या वर्षी गोणपाट कोरडंच लटकायचं. आत चार माणसं. यशवंतराव जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. हमीदचाचा ट्रेडल, म्हणजे छपाईचं मशीन, चालवायचे. चंद्रकलाबाई घड्या घालायच्या, शिवायच्या, डिंक लावायच्या. मी वाचून चुका काढायची. आणि काचेच्या दारामागे एका टेबलाशी मालक, दिगंबरराव. ते वाईट माणूस नव्हते असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही.

छापखान्यात कामाची मंदी आली की सगळ्यात आधी आवाजावरून कळतं. ट्रेडल थांबतं. मग पत्र्यावर चालणाऱ्या चिमण्यांची नखं ऐकू येतात. मग माणसं एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलायला लागतात. गणपतीचे ठोकळे, वाजंत्री, डोली, कलश, सगळे ठोकळे चंद्रकलाबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवले. ठेवता ठेवता म्हणाल्या, “लगीन न्हाई तं न्हाई. मरायलेत की लोकं. शोकपत्रं छापू.”

“दुष्काळात मरनारा पत्रिका काढीत नसतो बाई,” यशवंतराव म्हणाले.

हसलो सगळे. त्या दिवसांत आम्ही फार हसत होतो, का ते मला आजही कळत नाही.

एका सोमवारी दिगंबररावांनी आम्हा चौघांना काचेच्या दाराआड बोलावलं. स्टुलं दोनच. हमीदचाचा आणि चंद्रकलाबाई बसले, आम्ही दोघं उभे. मालकांनी आधी पावसाचं काढलं, मग कागदाचं, मग म्हणाले, “आपण एका घरातले आहोत. पण घरातलं ताट एकच असलं तर आधी कुणाला वाढायचं हे ठरवावं लागतं. यशवंता राहील. त्याच्यासारखा हात तीन तालुक्यांत नाही. बाकीच्यांनी मृग निघेपर्यंत घरी थांबा. पाऊस पडला की माणूस पाठवीन.”

ते वाक्य मी नंतर खूपदा मनात उलटंपालटं केलं. एका घरातले, आणि बाकीचे. घरातल्या घरात ‘बाकीचे’ कधी झालो आम्ही? आणि यशवंतरावांचा हात राहायचा होता, यशवंतराव राहायचे होते असं नव्हे. मालकांना तो हात एखाद्या ठोकळ्यासारखा गुंडाळून फळीवर ठेवायचा होता, सराई आली की काढायचा.

यशवंतराव त्यांच्या वस्तीत बौद्ध मंडळाचे सेक्रेटरी होते. पण छापखान्यात त्यांचं बोलणं कमी. खिळे उचलताना तोंड बंद ठेवायची सवय. शिशाची धूळ पोटात जाते म्हणून. ते एवढंच म्हणाले, “मालक, मी एकटा मजकूर लावीन. मशीन कोन मारील? घड्या कोन घालील? तुमी?”

दिगंबरराव हसले. “मग काय करावं म्हणतोस?”

“पाळी लावू. एका हप्त्याला एकानं घरी बसायचं. पाचव्या हप्त्याला फिरून त्याची पाळी. काम हाय तेवढं चौघं वाटून घिऊ.”

“आणि तुझी पाळी असेल त्या आठवड्यात मजकूर कोण लावील?”

यशवंतरावांनी माझ्याकडं बघितलं. “हिला शिकवतो.”

हमीदचाचा म्हणाले, “अपन को कबूल है. तीन हफ्ता काम, एक हफ्ता आराम. कलेक्टर भी ऐसा नहीं जीता.”

मालकांनी कबूल केलं. न करायला काय झालं? त्यांच्या ताटातला एक घासही कमी होत नव्हता. जो कमी होत होता तो आम्हीच आमच्या चौघांच्या ताटांतून काढून ठेवला होता. पण कबूल करताना त्यांनी असा चेहरा केला, जणू त्यांनीच काही सोडलं.

मग तो विलक्षण उन्हाळा सुरू झाला. दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा आणि यशवंतराव मला खिळे शिकवायचे. लाकडी पेटीत चौकोनी खण, प्रत्येक खणात एक अक्षर. खणांवर नाव नसतं. जागा बोटाला कळावी लागते. अक्षर उलटं असतं, ते उलटंच वाचायला शिकायचं. “आरशात बघून वाचायचं न्हाई. आरसा काय रोज बरोबर असतोय?” ते म्हणायचे. त्यांची स्टिक, म्हणजे ज्यात खिळे ओळीनं उभे करतात ती लोखंडी पट्टी, स्वतःची होती. पुण्याहून आणलेली, अंगठ्याच्या जागी झिजून चमकणारी. ती त्यांनी माझ्या हातात दिली. पंधरा वर्षांत कुणाला दिली नव्हती, असं चंद्रकलाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेही जरा हेवा वाटल्यासारखं.

त्यांची एक पद्धत होती. कुठलंही काम असो, पत्रिका, पत्रक, शाळेची प्रश्नपत्रिका, ते सगळ्यात आधी सगळ्यात खालची ओळ लावायचे. बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव: दिगंबररावांचं, छापखान्याचं आणि गावाचं. मजकूर नंतर. मी विचारलं, उलटं का? तर म्हणाले, “आधी बाप लावावा, मंग लेकरू. बिनबापाचा कागद मी बांधीत नसतो.” कायद्यानंही ते नाव लागतंच. पण यशवंतराव ते कायद्यासाठी करत नव्हते. आपण जे छापतो त्याला कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, एवढं त्यांचं साधं म्हणणं. मला ते पोतंभर पत्रकांनी शिकवलं नव्हतं. मी नंतर घरी जाऊन पोतं उपसलं तर त्यातल्या निम्म्या पत्रकांना खाली कुणीच नव्हतं.

हात धुवायला पाणी नव्हतं. आम्ही रॉकेलनं शाई काढायचो आणि वर लाकडाचा भुसा चोळायचो. चौघांचे हात सारखेच काळे. दिगंबरराव आल्यागेल्याला ते हात दाखवून म्हणायचे, “बघा, माझ्या छापखान्यात जात नाही.” येणारा मान डोलवायचा. आणि हे अगदी खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग येतो. सोसायचं होतं ते आम्ही चौघांनी सारखं वाटून सोसलं होतं. त्याचं कौतुक मात्र मालकांनी घेतलं.

त्याच दिवसांत नांदेडहून एका छापखान्याचा माणूस आला. यशवंतरावांना घेऊन जायला. तिकडं काम होतं, खोली देतो म्हणत होता. यशवंतरावांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मी विचारलं, “का नाही गेलात?”

“मी गेलो तं पाळी मोडती. मंग हमीदचाचा घरी, चंद्रकलाबाई घरी, तू घरी. तुजं तं शिकणं बी अर्धंच झालंय.” मग म्हणाले, “‘क्ष’च्या खणात ‘ज्ञ’ टाकायलीस तू रोज. नांदेडला बसून मला झोप आली नसती.”

चांगला माणूस कसा टिकतो, यावर हल्ली व्याख्यानं होतात. मला एवढंच माहीत आहे, की त्या उन्हाळ्यात तीन तालुक्यांतला सगळ्यात चांगला जुळारी टिकला तो मालकामुळे नव्हे. त्याच्या जाण्यानं आमचं काय होईल हे त्याला दिसत होतं म्हणून टिकला. आणि मालकाला वाटत राहिलं, की हा आपल्याला धरून आहे. सगळी चूक तिथं झाली. एकदा असं वाटलं, की मग या माणसाच्या हातून काहीही करून घेता येईल असं वाटायला लागतं.

ज्येष्ठ लागला होता, ढग नुसतेच येऊन जात होते, तेव्हा एका सकाळी जीप आली. दोन माणसं उतरली. पांढरे कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे. काचेच्या दाराआड बराच वेळ बोलली आणि गेली. दिगंबरराव बाहेर आले ते हातात दोन फुलस्केप कागद घेऊन. यशवंतरावांच्या पेटीवर कागद ठेवताना ते खिडकीबाहेर बघत होते.

यशवंतरावांनी उभ्यानंच दोन्ही कागद वाचले. नामांतराच्या विरोधातलं पत्रक होतं. विरोध असेल कुणाचा, तो मांडायला माझी ना नाही. मी मांडणाऱ्यांच्या दोन्ही बाजूंची पत्रकं खाऊन मोठी झालेय. पण त्या कागदात विद्यापीठ दोनच ओळींत होतं. बाकी सगळं यशवंतरावांच्या वस्तीबद्दल होतं. त्यांच्या बायकांबद्दल, त्यांच्या जेवणाबद्दल, दुष्काळाचं कामही त्यांनाच मिळतं त्याबद्दल, आणि त्यांना कसं ‘जागेवर आणावं’ त्याबद्दल. ते शब्द मी इथं लिहीत नाही. एकदा पुरेसे छापलेत.

“मजकूर त्यांचा आहे, माझा नाही,” दिगंबरराव म्हणाले. “आपण नुसते खिळे लावतो. मोठं काम आहे, यशवंता. पंधरा दिवस मशीन चालेल. चौघांचं पोट आहे.”

हमीदचाचांनी मशीनवरून विचारलं, “क्या लिखा है?”

यशवंतरावांनी कागदांची घडी घातली, पुन्हा उलगडली. मला वाटलं आता ते फाडतील. मला तसं व्हायला हवं होतं. पत्रकांनी मला तेच शिकवलं होतं, की अशा वेळी माणूस फाडतो. ते म्हणाले, “लावतो. खाली नाव ऱ्हाईल.”

“त्यांना नाव नकोय.”

“त्येंचं न्हाई म्हनत मी. तुमचं.”

दिगंबररावांचा चेहरा मी पहिल्यांदा इतका मोकळा, उघडा पडलेला पाहिला. हा माणूस दोन्ही बाजूंच्या लग्नांना जाणारा, दोन्ही बाजूंच्या सभांना वर्गणी देणारा. ते आत गेले.

यशवंतरावांनी आधी ती खालची ओळ लावली. मग दिवसभर बाकीचं. मी त्यांच्या समोर बसून होते. त्यांचा हात नेहमीच्याच वेगानं खणांवरून फिरत होता, खिळा स्टिकवर आपटण्याचा तोच टिक टिक आवाज. त्यांनी तो सगळा मजकूर उलट्या अक्षरांत, आपल्या बोटांनी, एक एक अक्षर उभा केला. वाचून चुका काढायचं काम माझं. मी वाचलं. एकही चूक नव्हती.

आज मला संताप येतो तो त्या शुद्धपणाचा. त्यांच्याकडून एवढंही काढून घेतलं आपण, की रागानं हात चुकावा. चुकला असता तर तीन माणसांची पंधरा दिवसांची भाकरी चुकली असती. मालकाला हे बरोबर माहीत होतं. ‘चौघांचं पोट’ हे शब्द त्यानं तेवढ्यासाठीच उच्चारले होते.

संध्याकाळी त्यांनी फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेल्या सगळ्या ओळी, बांधून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची घरी बसायची पाळी होती.

सकाळी दिगंबररावांनी मला हाक मारली. हमीदचाचा अजून आले नव्हते. चंद्रकलाबाई टँकरच्या रांगेत. मालक फर्म्याशी उभे होते. म्हणाले, “सुमन, तू शहाणी मुलगी आहेस. यशवंताचा हट्ट आहे, तो दुखावेल म्हणून मी काल काही बोललो नाही. ती खालची ओळ तेवढी काढ. जागा कोरी राहू दे.” आणि मग, मी काहीच न विचारता, “तुझ्या बाबांचं मशीन बंद आहे ना सध्या?”

मी एकोणीस वर्षांची होते, हे मी कधी कधी स्वतःला सांगते. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. चिमटा उचलला. ज्यांनी मला चिमटा धरायला शिकवला होता त्यांच्याच पद्धतीनं, शेजारची ओळ न हलवता, एक एक खिळा काढला. दिगंबररावांचं नाव, छापखान्याचं नाव, गावाचं नाव. जागी कोऱ्या शिसपट्ट्या बसवल्या. काढलेले खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकले. ‘क्ष’च्या खणात ‘ज्ञ’ टाकला नाही त्या दिवशी.

हमीदचाचा आले, फर्मा मशीनवर चढवताना थांबले. “नीचे की लाइन?”

“नको आहे. मार मशीन,” मालक आतून म्हणाले.

हमीदचाचांनी माझ्याकडं बघितलं, मी माझ्या बोटांकडं. त्यांनी मशीन मारलं. दुष्काळात बंद पडलेला तो आवाज पुन्हा सुरू झाला, खडाड खट, खडाड खट, आणि खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं.

पत्रकं गावभर चिकटली. यशवंतरावांच्या वस्तीच्या कमानीवरसुद्धा. खाली नाव नसलेलं ते पत्रक त्यांनी कमानीवरच वाचलं असणार. पाळी संपवून ते आले ते सरळ काचेच्या दाराआड गेले. मशीन चालू होतं, काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही. बाहेर येऊन त्यांनी आपली स्टिक उचलली, रुमालात गुंडाळली. हमीदचाचांच्या खांद्यावर हात ठेवला. चंद्रकलाबाईंना म्हणाले, “येतो बाई.” माझ्याजवळ थांबले. मला वाटलं विचारतील. ते म्हणाले, “सुमन, खिळे धुऊन ठेवत जा. शाई वाळली की अक्षर मरतं.” आणि गेले.

“आपण होऊन गेला,” दिगंबररावांनी बाहेर येऊन जाहीर केलं. “मी थांब म्हणालो.”

पाळी मोडली. मृग कोरडा गेला. चंद्रकलाबाई खडी फोडायला रोजगार हमीवर गेल्या. हमीदचाचा मुलाकडं परभणीला. मी राहिले. यशवंतरावांच्या स्टुलावर बसून, मालकांनी आणलेल्या नव्या स्टिकवर मजकूर लावायला लागले. मी दोन वर्षं तिथं काम केलं. दिगंबरराव येणाऱ्याला सांगायचे, “ही आमची सुमन. दुष्काळात मी हिला टिकवली.” लोणच्यासारखी.

यशवंतराव आता देवगाव फाट्यावर असतात. सेलूहून जिंतूरला जाताना तिथं गाडी थांबते. फाट्यावर त्यांचं पंक्चरचं आणि सायकलींचं दुकान आहे, दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक टायर टांगलेला बांबू. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी खिडकीतून तोंड फिरवणार होते, पण त्यांनीच हाक मारली. तेव्हापासून प्रत्येक खेपेला मी उतरते. ते माठातलं पाणी देतात. शाळा कशी चालली विचारतात. त्यांच्या मुली शिकताहेत, थोरली नर्सिंगला आहे. त्या पत्रकाबद्दल आम्ही सात वर्षांत एक शब्द बोललो नाही. मी मनाशी धरून चालले होते, की त्यांना सगळं माहीत आहे. मालकानं सांगितलं, पोरीनं केलं, पोरगी भित्री होती. एवढं समजूनच ते पाणी देतात असं मला वाटायचं.

गेल्या रविवारी चुलतबहिणीच्या लग्नाला जिंतूरला गेले होते. लग्न आटोपलं आणि बाबा म्हणाले, चल, सभा आहे. व्यापारी मंडळींची होती. यंदा कॉम्प्युटर आलेत, मोठ्या शहरांतला माल स्वस्तात येतोय, कापसाची उलाढाल मंदावलीय. छोटी दुकानं धास्तावलीत. म्हणून विषय होता: मंदीच्या काळात चांगली माणसं कशी सांभाळावीत. वक्ते दिगंबरराव. आता त्यांच्याकडं ऑफसेट आहे. बाबांनी सवयीनं मागची रांग धरली.

ते चांगलं बोलले. बोलायला त्यांना येतंच. “त्या दुष्काळात,” ते म्हणाले, “मी एक युक्ती काढली. पाळीची. एकेका आठवड्याला एकेकानं घरी राहायचं. काम कमी, पण माणूस एकही कमी नाही. नोकराला घरातला मानलं की तो टिकतो. मी एकालाही काढलं नाही. एक गेला, तो आपण होऊन गेला.”

टाळ्या पडल्या. बाबा टाळी वाजवता वाजवता थांबले. त्यांना माझा चेहरा दिसला असावा. ‘कुणाला काही विचारायचंय?’ असं अध्यक्ष म्हणाले आणि मी उभी राहिले. मी म्हणाले, “पाळीची युक्ती यशवंतरावांची होती. आणि ते आपण होऊन गेले नाहीत. त्यांनी लावलेल्या पत्रकाखालचं तुमचं नाव तुम्ही मला काढायला लावलंत. मी काढलं. हे हात माझे होते. पण सांगणारे तुम्ही होतात.”

दिगंबरराव हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “सुमन आमचीच मुलगी. लहान होती तेव्हा. विसरली असेल.” अध्यक्ष म्हणाले, “चहा निवतोय.” खुर्च्या वाजल्या. लोक बश्या घ्यायला उठले.

परत येताना बाबा म्हणाले, “आयुष्यभर सभा ऐकल्या. आज पैल्यांदा आपल्या घरचं कुणी बोललं.” आणि मग बराच वेळ चालून झाल्यावर, “तवा घरी का न्हाई सांगितलंस?” तुमचं मशीन बंद होतं, हे उत्तर मला त्यांना देववलं नाही.

दुपारच्या गाडीनं निघाले. फाट्यावर ऊन नुसतं पांढरं झालेलं. यशवंतराव ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी पाणी प्यायले आणि उभ्यानं सगळं सांगितलं. मालक काय बोलले, मी काय बोलले, चहा कसा निवत होता. मला वाटलं ते म्हणतील, बरं केलंस. किंवा म्हणतील, कशाला उकरलंस.

त्यांनी ट्यूब घमेल्यात तशीच सोडली. “ती ओळ मालकानं काढाय सांगितली व्हती?”

“हो. मग? दुसरं कोण सांगणार?”

“मला तं मालक म्हनला,” ते हळू हळू म्हणाले, जणू एकेक अक्षर पुन्हा उलटं वाचत होते, “‘मी नकोच म्हनत व्हतो. पोरीनंच काढली, तिच्या मनानं. वरच्या लोकाची पोरगी हाय, तिला तुज्या हाताखाली काम करायची लाज वाटायलीय. तू तिला काय बोलू नगं, लहान हाय.’”

कंडक्टर हाका मारत होता. सात वर्षं. प्रत्येक खेपेला माठातलं पाणी, शाळेची चौकशी. आणि प्रत्येक खेपेला त्यांना वाटत होतं, की ज्या मुलीच्या हातात आपण आपली स्टिक दिली तिनं आपल्या मनानं ते केलं. आपल्या जातीपायी केलं.

“आणि तरी तुम्ही मला हाक मारलीत?”

“लेकरू हाय म्हनलं,” ते म्हणाले. “लेकराला कोनी शिकवलं आसंल तसं.” मग घमेल्याकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर मी छापखान्यात कधी पाहिली नव्हती, त्या पत्रकाच्या दिवशीही नाही.

“यशवंतराव, मी—”

“तू काय बोलू नगं.” त्यांनी घमेल्यातलं पाणी रस्त्यावर ओतून दिलं. भर उन्हाळ्यात, सगळं. हातावर रॉकेल घेतलं, बोटाबोटांतनं चोळून पुसलं. आत जाऊन धुतलेला शर्ट अंगात घातला आणि पत्र्याचं दार ओढून कुलूप लावलं. मग कंडक्टरकडं न बघता मला विचारलं, “जिंतूरकडं जानारी गाडी किती वाजता हाय?”

“साडेचारला.”

“चल मंग,” ते म्हणाले. “जाऊ दे ही सेलूची.”